असणे आणि सापडणे : शोधयंत्रांच्या युगातील आपली मराठी संकेतस्थळे



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना या शहरातील मराठी माणसांच्या तीन पिढ्या नुसते 'गुरुजी' म्हणूनच ओळखत आल्या. गणित शिकवणे हा त्यांचा व्यवसाय होता आणि शाळेचे ग्रंथालय सांभाळणे हे त्यांचे व्रत होते. प्रत्येक पुस्तकाची तीन कार्डे ते स्वतःच्या हाताने लिहीत : एक लेखकाच्या नावाचे, एक ग्रंथाच्या नावाचे आणि एक विषयाचे. मुलाला जे काही थोडेफार आठवत असेल, तेवढ्याच आधारावर त्याचा हात हव्या त्या पुस्तकापर्यंत पोहोचावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. अशा गुरुजींच्या नावाने बोलण्याचा मान संस्थेने मला दिला, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

आजचा विषय वरकरणी व्यापारी वाटेल. आपल्या संस्थेचे संकेतस्थळ आहे. परंतु कोणी शोधयंत्रात शोध घेतला असता ते पहिल्या पानावर दिसत नाही, कित्येकदा दिसतच नाही. ते दिसावे म्हणून काय करावे? व्यापारी जगात या उद्योगाला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन असे भारदस्त नाव आहे. मी त्याला साधेपणाने 'शोधसुलभता' म्हणतो. माझा अधिकार संगणकतज्ज्ञाचा नव्हे. ग्रंथालयशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर दोन-चार मराठी संस्थांची संकेतस्थळे मांडून देण्याचे काम अंगावर आले. त्या अनुभवातून माझे एक मत बनले. शोधसुलभता ही ग्रंथपालाची विद्या आहे, ती जाहिरातदाराकडे सोपवून चालणार नाही, असे ते मत. आपल्याजवळ काय आहे ते स्पष्ट सांगावे, शोधणाऱ्याच्या शब्दांत सांगावे आणि इतरांनी आपला हवाला द्यावा असे काही आपल्याजवळ असावे, एवढ्या तीन गोष्टींत ती सामावते. बाकी सारा तपशील आहे. मात्र तो तपशील आपण मराठी माणसांनी फार दुर्लक्षिलेला आहे.

हा विषय वडोदऱ्यात मांडण्यात औचित्य आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सबंध संस्थानात लागू केले. लोक वाचायला शिकले म्हणजे त्यांच्या हाती पुस्तकेही पडली पाहिजेत, हा त्याच्या पुढचा विचार होता. त्यासाठी १९१० साली त्यांनी विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला येथे आणले. बोर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी केली, १९११ साली ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठवण्याची व्यवस्था घालून दिली. १९१२ साली याच शहरातून 'लायब्ररी मिसेलनी' हे ग्रंथालयविषयक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतून निघू लागले. पुढे १९३१ साली डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. पुस्तक कपाटात असणे आणि ते वाचकाला सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सत्य या नगरीला शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते. आज कपाटाच्या जागी महाजाल आले एवढाच फरक.

आता शोधयंत्र म्हणजे काय ते पाहू. टिम बर्नर्स-ली यांचे महाजाल १९९१ साली जगाला खुले झाले. १९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी 'याहू' ही निर्देशिका सुरू केली. तीत संकेतस्थळांची विषयवार वर्गवारी माणसे करीत. परंतु पानांची वाढ माणसांच्या आवाक्याबाहेर गेली. डिसेंबर १९९५ मध्ये आलेल्या 'अल्टाव्हिस्टा'ने पानांतील सगळ्या शब्दांची सूची यंत्राकडून करून घेतली. मात्र शब्द जुळणारी हजारो पाने समोर आली की त्यांतले विश्वसनीय कोणते, हे कसे ठरवायचे, हा प्रश्न उरलाच. त्याला नवे उत्तर १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्याच दोन संशोधकांनी एका निबंधात दिले. त्यांच्या प्रायोगिक शोधयंत्रात त्या वेळी सुमारे २ कोटी ४० लाख पाने होती. त्या यंत्राचे नाव गूगल.

या यंत्राचे काम तीन पायऱ्यांत चालते. पहिली पायरी संचाराची. एक आज्ञावली एका पानावरून दुव्याच्या वाटेने दुसऱ्या पानावर जात अहोरात्र फिरत असते आणि जे वाचता येईल ते वाचून आणते. ज्या पानाकडे एकही दुवा जात नाही, ते तिच्या लेखी वाट नसलेल्या वाडीसारखे असते. दुसरी पायरी सूचीची. ज्ञानेश्वरीच्या शब्दसूचीत कोणता शब्द कोणत्या अध्यायातील कोणत्या ओवीत आला हे जसे नोंदलेले असते, तशीच नोंद यंत्र प्रत्येक शब्दाची ठेवते. आपण विचारणा केली म्हणजे ते महाजाल धुंडाळायला निघत नाही. आधीच करून ठेवलेली सूची उघडते. म्हणून उत्तर क्षणार्धात येते, आणि म्हणूनच जे सूचीत नाही ते आपल्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

तिसरी पायरी क्रमाची. येथे ब्रिटिश विदुषी कॅरन स्पार्क जोन्स यांचे स्मरण करणे योग्य होईल. १९७२ साली त्यांनी दाखवून दिले की, जो शब्द सर्वत्र आढळतो तो शोधाच्या कामी फारसा उपयोगाचा नसतो. विरळ शब्दाला अधिक वजन द्यावे. 'आहे' हा शब्द सगळ्याच मराठी पानांवर असतो, 'शाळा' पुष्कळ पानांवर असतो, पण 'ओखामंडळ' मोजक्याच पानांवर असणार. ज्या पानावर असा नेमका शब्द आहे, ते पान त्या विषयाचे असण्याचा संभव अधिक. पेज आणि ब्रिन यांनी याला हवाल्याची जोड दिली. एका पानाने दुसऱ्याकडे दिलेला दुवा हे त्यांनी एक मत मानले आणि मत देणाराची पतही हिशेबात धरली. गावातील शंभर उपऱ्यांच्या शिफारशीपेक्षा एका जाणत्या माणसाचा शब्द आपण अधिक मानतो, तसेच हे. विद्वत्तेच्या क्षेत्रात ही कल्पना अगोदरच रुजली होती. कोणत्या शोधनिबंधाचा उल्लेख कोणकोणत्या निबंधांत झाला, याची विज्ञाननिबंधांची सूची यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ सालापासून प्रसिद्ध केली होती. क्रम लावताना आज या दोहोंखेरीज इतरही पुष्कळ गोष्टी विचारात घेतल्या जातात. २०१४ साली गूगलने सुरक्षित जोडणी असलेल्या संकेतस्थळांना किंचित झुकते माप देण्याचे जाहीर केले. २०१५ साली भ्रमणध्वनीवर नीट वाचता येणाऱ्या पानांना तसेच प्राधान्य मिळाले. तरीही शब्द आणि हवाला हे दोन खांब कायम आहेत.

येथवरचे सारे कोणत्याही भाषेला लागू पडते. आता आपल्या भाषेकडे वळू. कारण आपली खरी अडचण येथे आहे.

पहिली अडचण लिपीच्या साठवणुकीची. संगणकावर मराठी अक्षरे आली, तेव्हा प्रत्येक उत्पादकाने आपापली सोय पाहिली. श्रीलिपी, आकृती यांसारख्या साधनांनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली, यात शंका नाही. परंतु त्या काळच्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. तो टंक ज्याच्याजवळ आहे त्याला सुंदर मराठी दिसे. यंत्राला मात्र तेथे अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसे. देवनागरीला जागतिक स्तरावर स्वतःची स्वतंत्र घरे मिळाली ती १९९१ साली, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत. तरी कितीतरी संस्थांच्या स्मरणिका, अहवाल, त्रैमासिके पुढेही दीर्घकाळ जुन्याच टंकांत तयार होत राहिली. महाजालावर चढवलेले असे लेखन डोळ्यांना मराठी दिसले, तरी सूचीत मराठी म्हणून जात नाही. छायाचित्र काढून चढवलेल्या पानाची गत याहून निराळी नाही. यंत्राने त्यातील अक्षरे ओळखली तर ओळखली. त्या भरवशावर राहू नये.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. आपले काही वर्ण दिसायला एकच, पण आतून दोन वा तीन प्रकारे लिहिलेले असू शकतात. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र घ्या. तो दोन निरनिराळ्या अक्षरक्रमांनी उमटवता येतो आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली; त्यापूर्वी ते 'अ' ला अर्धचंद्र जोडून लिहीत आणि आजही अनेक जण तसेच लिहितात. यंत्राच्या लेखी हे भिन्न शब्द ठरू शकतात. यावर उपाय एकच : संस्थेने सर्व लेखनासाठी एक कळफलक व एक पद्धत ठरवावी आणि ती पाळावी.

तिसरी अडचण आपल्या व्याकरणाची. हिंदीत नामापुढे 'में', 'को', 'का' सुटे लिहितात. मूळ नाम पुष्कळदा जसेच्या तसे राहते. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि त्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते. शाळा, शाळेत, शाळेचा, शाळांना, वडोदरा, वडोदऱ्यात. शोधणारा बहुधा मूळ रूप लिहितो आणि आपल्या पानावर ते रूप कित्येकदा एकदाही नसते. यंत्रे या बाबतीत शिकत आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलने वाक्याचा संदर्भ समजून घेणारी 'बर्ट' ही पद्धती इंग्रजीसाठी आणली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती सत्तराहून अधिक भाषांना लागू केली. त्यांत मराठी होती. तरीही पानाच्या मथळ्यात आणि पहिल्या वाक्यात मूळ नाम प्रथमेत येईल अशी वाक्यरचना करणे आपल्या हाती आहे, आणि ती मराठीच्या प्रकृतीला धरूनच असते.

चौथी अडचण खास आपली, म्हणजे महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी माणसांची. आपल्या गावांना दोन-दोन नावे आहेत. आपण इंदूर म्हणतो, पाटीवर इंदौर असते. आपण ग्वाल्हेर म्हणतो, शेजारी ग्वालियर म्हणतो. बेळगावचे अधिकृत नाव २०१४ सालापासून बेळगावी आहे. या शहराचे अधिकृत नाव १९७४ साली वडोदरा झाले. आपल्या घरांत बडोदा आणि बडोदे दोन्ही चालतात, तर १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांपूर्वीच्या पुस्तकांत अनुस्वारासह 'बडोदें' छापलेले आढळते. भरीस भर म्हणून आजचा तरुण पुष्कळदा रोमन लिपीतच शोध घेतो आणि येथील पालक गुजराती लिपीत. आपल्या पानावर यांपैकी एकच रूप असेल, तर बाकीच्या दारांनी आलेला माणूस परत जातो. गुरुजी एका पुस्तकाची तीन कार्डे का लिहीत, याचे उत्तर येथे मिळते.

आता एका संस्थेचा अनुभव सांगतो. नाव सांगत नाही, कारण हीच स्थिती अनेक ठिकाणी आहे. शतक ओलांडलेले एक मराठी मंडळ. ग्रंथालय, नाट्यशाखा, गणेशोत्सव, शिष्यवृत्त्या, सारे काही नांदते. संकेतस्थळही देखणे. तरीही मंडळाचे पूर्ण नाव लिहिल्याशिवाय ते सापडत नसे. दोन विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मी ते तपासले. सगळ्या पानांचा मथळा एकच होता आणि तो होता 'मुखपृष्ठ'. मंडळाच्या कार्याची माहिती एका सुबक चित्रावर कोरलेली होती. शताब्दीची स्मरणिका चारशे पानांच्या एका धारिकेत, छायाचित्रांच्या रूपात चढवलेली होती. छायाचित्रांच्या संग्रहाला क्रमांक होते, नावे नव्हती. नवे संकेतस्थळ उभारताना जुन्या पानांचे पत्ते टाकून दिले होते; त्यामुळे इतर संस्थांनी वर्षानुवर्षे दिलेले दुवे आता रिकाम्या दारावर जाऊन थडकत.

सर्वांत मोठी गोष्ट सर्वांत लहान चिन्हात दडलेली होती. प्रत्येक संकेतस्थळाच्या मुळाशी एक छोटी सूचनापत्रिका ठेवता येते. फिरत्या आज्ञावलींनी कोठे जावे व कोठे जाऊ नये हे तीत लिहिलेले असते. ही रूढी मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ साली सुचवली. बांधकाम चालू असताना कोणी आत येऊ नये म्हणून ठेकेदाराने त्या पत्रिकेत मनाईच्या शब्दापुढे एक तिरकी रेघ लिहिली होती. तिचा अर्थ 'सर्वत्र मनाई' असा होतो. बांधकाम संपले, उद्घाटन झाले, हारतुरे झाले. रेघ तशीच राहिली. शंभर वर्षांची संस्था एका रेघेने झाकली गेली होती.

आम्ही केले ते सारे कोणालाही करता येण्याजोगे आहे. प्रथम ती रेघ काढली आणि सर्व पानांची यादी, जिला 'साइटमॅप' म्हणतात, ती करून शोधयंत्राकडे दिली. प्रत्येक पानाला त्याचा स्वतःचा मथळा दिला. 'मुखपृष्ठ' च्या जागी मंडळाचे नाव, गाव आणि कार्य आले. 'पान ३' च्या जागी 'शिष्यवृत्ती : पात्रता व अर्जाची मुदत' असे आले. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्याकडे आपोआप वळवण्याची कायमची व्यवस्था केली. चित्रावरचा मजकूर युनिकोडमध्ये लिहिला. प्रत्येक छायाचित्राखाली कोण, कोठे, केव्हा हे लिहिले आणि तेच चित्राच्या पर्यायी मजकुरातही घातले. त्याचा लाभ यंत्राइतकाच दृष्टिहीन वाचकालाही होतो. 'संस्थेचा परिचय' या पानावर गावाची जुनी-नवी दोन्ही नावे सरळ वाक्यांत आली आणि संस्थेचे नाव रोमन व गुजराती लिपींतही एकेकदा दिले. मराठी, गुजराती आणि इंग्रजी मजकूर एकाच पानावर कालवला होता, तो तीन स्वतंत्र पानांवर वेगळा केला आणि ती एकमेकांची भाषांतरे आहेत अशी खूण यंत्रासाठी ठेवली. गूगलच्या 'सर्च कन्सोल' या विनामूल्य साधनात नाव नोंदवले. लोक कोणते शब्द लिहून आपल्यापर्यंत येतात, कोणती पाने सूचीत गेली आणि कोणती राहिली, हे तेथे दिसते.

सर्वांत कष्टाचे काम स्मरणिकेचे होते. छायाचित्रातील अक्षरे ओळखणारी 'टेसरॅक्ट' सारखी मुक्त आज्ञावली मराठी वाचू शकते. पण जुन्या छपाईतील जोडाक्षरे, पुसट मात्रा आणि अनुस्वार ती चुकवते. म्हणून प्रत्येक ओळ माणसाने वाचून दुरुस्त केली. मंडळातील निवृत्त शिक्षिकांनी दुपारच्या वेळी बसून हे काम पुरे केले. चारशे पानांच्या एका गठ्ठ्याऐवजी प्रत्येक लेखाचे स्वतंत्र पान झाले : मथळा, लेखकाचे नाव, वर्ष, मजकूर. एक विषय, एक पान, एक कायमचा पत्ता.

याचे फळ काय? संकेतस्थळ एका रात्रीत शिखरावर गेले असे मी सांगणार नाही. काही महिन्यांनी ग्वाल्हेरहून एका भगिनीचे पत्र मंडळाला आले. त्यांनी आपल्या आजोबांचे नाव सहज शोधयंत्रात घालून पाहिले होते. आजोबांनी तरुणपणी या मंडळात असताना लिहिलेला एक लेख त्या स्मरणिकेत पुनर्मुद्रित झाला होता. घरात त्यांचे एकही हस्तलिखित उरले नव्हते. तो लेख त्याआधीही महाजालावर होता, अगदी तोच, त्याच पानांत. फक्त तो कोणाला सापडू शकत नव्हता. माझ्या मते शोधसुलभतेचे मोल यात आहे. क्रमांक पहिला की सातवा, ही त्यानंतरची गोष्ट.

क्रमांकाचा मोह मात्र मोठा असतो, आणि त्या मोहावर जगणारा एक बाजार आहे. 'पंधरा दिवसांत पहिल्या क्रमांकावर आणून देतो' असे सांगणारे गृहस्थ प्रत्येक संस्थेच्या दारी येतात. असे वचन कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट केलेले आहे. पूर्वी पानाच्या अदृश्य भागात शेकडो शब्द कोंबून ठेवण्याची युक्ती चाले. त्या शब्दयादीचा आपण क्रमासाठी उपयोग करीत नाही, असे गूगलने २००९ साली जाहीर केले. २००६ साली बीएमडब्ल्यू या मोटारउत्पादकाचे जर्मन संकेतस्थळ सूचीतून काही काळ काढले गेले. यंत्राला एक पान व माणसाला दुसरे दाखवल्याचा ठपका होता. २०११ साली अमेरिकेतील जे. सी. पेनी या विक्रेत्याकडे जाणारे पैसे देऊन मिळवलेले दुवे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघडकीस आणले आणि त्या कंपनीचे स्थान झपाट्याने घसरले. त्याच वर्षी 'पांडा' आणि २०१२ साली 'पेंग्विन' या नावांनी गूगलने आपल्या पद्धतीत फेरफार केले. पहिल्याचा रोख पोकळ मजकुरावर होता, दुसऱ्याचा बनावट दुव्यांवर. यातून घ्यायचा धडा नीतीचा आहे तसाच व्यवहाराचाही आहे. खोटी साक्ष विकत घेणाऱ्याची खरी साक्षही मग कोणी मानत नाही.

खरी साक्ष मिळवण्याचा मार्ग आपल्यासाठी मोकळा आहे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवा, वडोदरा येथील मराठी संस्था एकमेकींना पत्रे लिहितात, वक्ते बोलावतात. पण एकमेकींच्या संकेतस्थळांचे दुवे देत नाहीत. ज्या संस्थेशी आपला खरोखर संबंध आहे, तिचा उल्लेख करताना दुवा द्यावा, आणि तो 'येथे पाहा' अशा मुक्या शब्दांवर देऊ नये, तिच्या नावावर द्यावा. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या लेखनात शाळेचा उल्लेख करताना तसेच करावे. मराठी विकिपीडिया २००३ सालापासून चालू आहे. तेथे आपल्या गावाच्या, आपल्या संस्थांच्या इतिहासाची साधार भर घालावी. तेथील बाहेरच्या दुव्यांवर अशी खूण असते की त्यांनी शोधयंत्रातील क्रम वाढू नये. तेव्हा क्रमाच्या लोभाने तेथे जाऊ नये, वाचकासाठी जावे.

शोधयंत्र ही काही निरपेक्ष न्यायदेवता नव्हे, याचेही भान ठेवले पाहिजे. १९९८ च्या त्या निबंधातच पेज आणि ब्रिन यांनी असा इशारा दिला होता की, जाहिरातींच्या पैशावर चालणारे शोधयंत्र स्वभावतः जाहिरातदारांकडे झुकेल. २००० साली त्यांच्याच कंपनीने शोधाच्या पानावर जाहिराती विकण्यास प्रारंभ केला. क्रम लावण्याची रीत खाजगी आहे, ती बदलते आणि तिच्यावर दाद मागण्याची सोय आपल्यासारख्यांना जवळजवळ नाही. म्हणून संस्थेने आपले सर्वस्व एका यंत्रावर सोपवू नये. आपला मजकूर आपल्या पत्त्यावर, आपल्या ताब्यात असावा. छापील प्रत कपाटात असावी.

अलीकडे या साऱ्याला नवे वळण लागले आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात गूगलने शोधाच्या उत्तरात पानांच्या यादीच्या वर यंत्राने रचलेला सारांश देण्यास सुरुवात केली. मग आता संकेतस्थळ कशाला हवे, असे मला विचारतात. माझे उत्तर उलट आहे. यंत्र उत्तर रचते ते कोणीतरी लिहून ठेवलेल्या मजकुरावरून. वडोदऱ्याच्या मराठी नाटकमंडळ्यांविषयी, येथील कीर्तनपरंपरेविषयी, या शाळेविषयी आपण वाचण्याजोग्या रूपात काही लिहून ठेवले नाही, तर आपल्याविषयीचे उत्तर इतरांच्या तुटपुंज्या माहितीवरून रचले जाईल, आणि ते आत्मविश्वासाने सांगितले जाईल. महाराष्ट्रातील संस्थांची माहिती दहा ठिकाणी लिहिलेली असते. आपली माहिती आपल्यावाचून कोणीच लिहिणार नाही. आपल्यापैकी ज्यांना जुने काही आठवते, त्यांची संख्या दरवर्षी कमी होत आहे. हा प्रश्न तंत्राचा कमी आणि वेळेचा अधिक आहे.

विद्यार्थिमित्रहो, शेवटचे बोलणे तुमच्याशी. तुमच्या शाळेच्या कपाटात जुने वार्षिक अंक आहेत. दर महिन्याला एक अंक घ्या. त्यातील एक लेख युनिकोडमध्ये नीट उतरवा, मथळा द्या, लेखकाचे नाव व वर्ष लिहा, लेखकाची वा त्यांच्या कुटुंबीयांची अनुमती घ्या आणि त्याला स्वतःचे पान द्या. मग शोधयंत्रात एखादा अनोळखी माणूस जे लिहील असे तुम्हांस वाटते ते लिहून पाहा. सापडला नाही, तर आपल्या मथळ्यात त्याचा कोणता शब्द नाही, याचा विचार करा. हा विचार म्हणजेच दुसऱ्याच्या मनात शिरून पाहण्याचा अभ्यास. भाषेचे शिक्षण याहून फारसे वेगळे नसते. आणि वडीलधाऱ्यांना माझी विनंती अशी की, संकेतस्थळासाठी निधी मंजूर करताना रंग आणि चलच्चित्रे यांवरील खर्चातून थोडा भाग टंकलेखनासाठी व मुद्रितशोधनासाठी राखून ठेवा. सजावट दोन वर्षांत जुनी होते. शुद्ध मजकूर जुना होत नाही.